बांधावरून कोण जातं

पूर्व किनाऱ्यावरच्या एका जिल्ह्यातला त्रेसष्ट किलोमीटरचा बांध मला तोंडपाठ आहे. तिथे मी कधी गेलेले नाही. शून्य किलोमीटरला जुना दीपस्तंभ. साडेचारला पहिली मोरी. अकराला खाडी, तिथे पूल नाही, सायकल होडीत घालून पलीकडे न्यायची. एकोणीस ते सत्तावीस नुसती मिठागरं, सावली अजिबात नाही, म्हणून पिण्याच्या पाण्याच्या दोन टाक्या प्रस्तावित. अठ्ठाविसाव्या किलोमीटरपासून सुरूचं बन. भरतीचं खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून फार पूर्वी घातलेला मातीचा बांध आहे तो. जमीन इतकी सपाट की नकाशावर उंचीच्या रेषाच सापडत नाहीत.

या बांधाच्या माथ्यावरून सायकल प्रवाशांसाठी रस्ता करायचा, त्यावर एकही मोटार, एकही मोटारसायकल येऊ द्यायची नाही, चार दिवस माणसाने समुद्र उजव्या हाताला ठेवून आरामात जायचं आणि रात्री गावातल्या घरांत मुक्काम करायचा, असा तो प्रस्ताव होता. त्याची फाईल दोन वर्षं माझ्याकडे होती. मी दिल्लीत केंद्र सरकारच्या एका खात्यात असिस्टंट सेक्शन ऑफिसर आहे. फायलीवर पहिली टिपणी माझ्या हातची असते. वरचे साहेब ती वाचतात, सही करतात, आणखी वर पाठवतात.

आमची खोली तळमजल्यावर, मागच्या बाजूला. खिडकी आहे, पण तिच्यासमोर एसीच्या यंत्रांची भिंत आहे, त्यामुळे ती कोणी उघडत नाही. सकाळी द्वारकेहून मेट्रो, मध्ये एकदा लाइन बदलायची, संध्याकाळी उलटं. बाहेरची हवा अंगाला लागते ती स्टेशनपासून सोसायटीच्या गेटपर्यंत. नोव्हेंबरात तीही तोंड बांधून घ्यायची. त्या दिवसांत आमच्या घराच्या खिडक्यांच्या फटींना चिकटपट्ट्या असतात आणि हवा शुद्ध करायचं यंत्र दिवसभर घरघरत असतं. मुलाची शाळा मोबाइलवर येते. घरातले तिघं तीन खोल्यांत आणि मधल्या बोळात चपला.

सायकल मी घेतली होती. द्वारकेत सायकलींसाठी वेगळी पट्टी आखलेली आहे, तिच्यावर गाड्या उभ्या असतात. पहिल्या रविवारी मी त्या गाड्यांच्या आणि चालत्या गाड्यांच्या मधून गेले, एका दुधाच्या टेम्पोने कोपराला घासून नेलं, घरी आले. नंतर सोसायटीच्या आत फिरवू म्हटलं तर गार्ड म्हणाला की अंदर साइकिल सिर्फ बच्चों के लिए अलाउड है. ती आता खाली खांबाला साखळीने बांधलेली आहे आणि तिच्या सीटवर कबुतरं बसतात.

मग तू तिथे जाऊन का नाही येत, असं मला पुष्कळांनी विचारलं. सरकारी माणसाला शनिवार-रविवारीसुद्धा शहर सोडायचं तर परवानगी लागते, हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही. आम्हाला प्रवासाची सवलत असते, एलटीसी. मी ती दोनदा मांडली. पहिल्यांदा संसदेचं अधिवेशन लागलं आणि सगळ्यांच्या रजा रद्द झाल्या. दुसऱ्यांदा आमच्या कक्षातली मधली खुर्ची, सेक्शन ऑफिसरची, रिकामी झाली आणि तिचंही काम माझ्याकडे आलं. साहेब म्हणाले, आता तुम्ही गेलात तर कक्षाला कुलूप लावावं लागेल. मला त्याचा अभिमानच वाटला, हे मी कबूल करते.

म्हणून मी फायलीतूनच जायचे. दुपारचा डबा खाल्ला की उपग्रहाचा नकाशा उघडायचा आणि बांधावरून बोट सरकवत न्यायचं. घरीसुद्धा त्याच गोष्टी. मुलगा विचारायचा, "आई, बांध म्हणजे डॅम ना?" मी सांगायचे की नाही रे, शेताचा असतो, नदीचा असतो, पाणी अडवायला मातीचा उंचवटा. "अच्छा, एम्बँकमेंट," असं म्हणून तो परत मोबाइलमध्ये. नवरा गुरुग्रामला एका कंपनीत आहे, त्याचे रोजचे तीन तास कॅबमध्ये जातात. तो म्हणायचा की या घरात खारा वारा फक्त हिलाच लागतो.

बांध मला माहीत नव्हता अशातला भाग नाही. माझे बाबा यवतमाळ जिल्ह्यात नहरावर पाटकरी होते. कुठल्या शेताला किती वेळ पाणी सोडायचं, कधी बंद करायचं, हे त्यांचं काम. आम्ही राहायचो त्या वस्तीपासून हायस्कूल आठ किलोमीटर, आणि सरळ वाट म्हणजे नहराचा बांध. सहावीपासून दहावीपर्यंत मी त्याच्यावरून गेले, तीन वर्षं पायी आणि दोन वर्षं सायकलने. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. पदवीचं प्रमाणपत्र बाबांनी भिंतीवर निळ्या कोटातल्या फोटोशेजारी लावलंय. घरी कुणी आलं की ते आधी पाणी देतात, मग प्रमाणपत्र दाखवतात. मी नोकरीला लागले तेव्हा त्यांनी अख्ख्या वस्तीला सांगितलं की पोरीच्या सहीशिवाय दिल्लीत कागद हलत नाही. तसं काही नसतं, असं मी सांगितलं नाही. मलाही ते ऐकायला बरं वाटायचं.

आता चूक सांगते.

अशा प्रत्येक प्रस्तावाला एक तक्ता लागतो. रकाने ठरलेले. लांबी, रुंदी, जमिनीची मालकी, झाडं किती तोडावी लागतील. अकरावा रकाना होता, सध्या या वाटेचा वापर कोण करतं. ती माहिती जिल्ह्याकडून यायची होती. मी दोन पत्रं पाठवली, एकदा फोन केला. तिकडून जमिनीचे कागद आले, नकाशे आले, अकराव्या रकान्याचं काही आलं नाही. समितीची बैठक सोमवारी होती आणि शुक्रवारचे साडेचार वाजले होते.

आमच्याकडे रिकामा रकाना ठेवत नाहीत. नोकरीच्या पहिल्या महिन्यातच साहेबांनी मला ते शिकवलं होतं. साहेब मूळचे पाटण्याचे, पंचवीस वर्षं दिल्लीत, कामाला चोख आणि स्वभावाने भले. त्यांचं सांगणं असं, "खाली कॉलम सवाल पूछता है. निल लिख दो, चुप रहता है." रकाना रिकामा असला की फाईल वरून शेरा घेऊन परत येते. निल लिहिलं की पुढे जाते. कक्षातले सगळे असंच करतात. माहिती आली नाही, म्हणजे तसं काही नसणार, म्हणजे निल. मीही शेकडो वेळा केलंय. खुर्च्या किती मोडल्या, निल. तक्रारी किती, निल. त्या शुक्रवारी मी अकराव्या रकान्यात निल लिहिलं आणि खालच्या टिपणीत एक वाक्य स्वतःच्या मनाने घातलं, की हा बांध सध्या कोणाच्याही नियमित वापरात नसल्याचं दिसतं. वाक्य छान झालं होतं. उपग्रहाच्या चित्रात बांध खरंच रिकामा दिसायचा, एक लांब पिवळट रेघ.

संगणकावरच्या फायलीत टिपणी आधी पिवळ्या पानावर लिहितात. पिवळी आहे तोवर खोडा, बदला. ती पक्की केली की पान हिरवं होतं आणि मग ती कोणालाच बदलता येत नाही, लिहिणाऱ्याला तर नाहीच. पाच वाजता मी पान हिरवं केलं आणि मेट्रो पकडली.

समितीने प्रस्ताव उचलून धरला. वर्तमानपत्रात छोटी बातमी आली, मी ती कापून बाबांना फोटो पाठवला. नंतरच्या महिन्यांत कामाचे तपशील ठरत गेले आणि प्रत्येक तपशील माझ्या टेबलावरून गेला. सल्लागारांनी लिहिलं की वाट कोणाच्या वापरात नसल्याने ती दोन्ही टोकांना आणि मध्ये जिथे गावरस्ते लागतात तिथे बंदिस्त करता येईल. एकूण सात गेटं, प्रत्येकाला पहारेकरी, नोंदणी केलेल्या प्रवाशांनाच प्रवेश. मोटारसायकली आत येऊ नयेत हा हेतू. मी त्यावर लिहिलं, मान्य करण्यास हरकत नसावी. खरं तर मला ते आवडलंच होतं. गाड्यांशिवायची एक वाट जगात कुठेतरी असावी आणि ती मी कागदावर राखून ठेवावी, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं.

नोव्हेंबरात, धुराच्या दिवसांत, त्या जिल्ह्याचा ज्युनिअर इंजिनिअर नकाशे घेऊन दिल्लीला आला. तिशीचा असेल. दोन रात्रींचा प्रवास करून आलेला, डोळे लाल, खोकत होता. कक्षात अर्धाच स्टाफ होता, बाकीचे घरून काम करत होते. मी त्याला चहा मागवला. गेटांचा नकाशा आम्ही टेबलावर पसरला आणि मी त्याला सांगू लागले की अठ्ठाविसाव्या किलोमीटरचं गेट जरा पुढे घ्या, तिथे सुरूचं बन सुरू होतं, सावली आहे, पहारेकऱ्याला बरं पडेल. तो माझ्याकडे बघत राहिला. त्याने विचारलं, मैडम कब आया था उधर? मी म्हटलं, आले नाही, नकाशात पाहिलं.

त्याने खिशातून मोबाइल काढला आणि फोटो दाखवायला लागला. कामाचेच फोटो होते, मातीचे, मोरीचे, खोदलेल्या खड्ड्यांचे. पण प्रत्येकात मागे माणसं होती. डोक्यावर मासळीच्या पाट्या घेतलेल्या बायका, एकीमागे एक, बांधावर. मिठागरातून परतणारी माणसं, पाय गुडघ्यापर्यंत पांढरे. आणि मुली. निळ्या स्कर्टातल्या शाळेच्या मुली सायकलींवर, दोन-दोन जणी एका सायकलवर, इंजिनिअरच्या मोजणीच्या काठ्यांमधून वाट काढत चाललेल्या. त्याने बोटाने फोटो मोठा केला.

"ये सब लोग रोज जाता है, मैडम. हाईवे पे ट्रक है, उधर से लड़की लोग नहीं जा सकता. गेट लगेगा तो स्कूल बंद." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "आपने लिखा है, कोई नहीं जाता."

तो आरोप करत नव्हता. दिल्लीने लिहिलंय म्हणजे त्यामागे काही कारण असेल, आणि ते कारण मी त्याला समजावून सांगेन, असं वाटून तो विचारत होता. मी म्हटलं, तुमच्या ऑफिसने माहिती पाठवली नाही. त्याने मान हलवली. म्हणाला, साहब लोग बोला, ये कॉलम में क्या लिखें, सब लोग तो जाता है, कितना नाम लिखें. म्हणून त्यांनी रकाना रिकामा सोडला होता. तिकडे खूप माणसं होती म्हणून रिकामा, आणि इकडे रिकामा म्हणून निल.

तो चहा अर्धा टाकून बैठकीला गेला. मी टेबलाशी बसून राहिले. नहराच्या बांधावरून पाच वर्षं गेलेल्या बाईने लिहिलं होतं की बांधावरून कोणी जात नाही. दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर मी म्हटलं असतं की एसीत बसून लिहिणाऱ्यांना काय कळतंय.

गेटांचं काम जानेवारीत सुरू होणार होतं. अंतिम मंजुरीची फाईल माझ्याकडून पंधरा दिवसांत वर जायची होती. एकदा ती मंजूर झाली की त्या मुलींची शाळा माझ्या एका शब्दाने सुटणार, हे सरळ होतं. त्यात शोधण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मी साहेबांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दार लोटायला सांगितलं. ते म्हणाले की समितीने मंजूर केलेली गोष्ट आता निलच राहू द्या. रस्ता सुरू झाला की जिल्हा प्रशासन गावकऱ्यांना पास देईल, ते त्यांचं काम. मग त्यांनी मला आठवण करून दिली की मधल्या खुर्चीच्या बढतीची बैठक डिसेंबरअखेर आहे, माझं नाव वर आहे, आणि स्वतःच्या हिरव्या टिपणीविरुद्ध स्वतःच टिपणी लिहिणारा माणूस त्यांनी पंचवीस वर्षांत पाहिलेला नाही. हे धमकीच्या सुरात नव्हतं. त्यांना खरंच वाटत होतं की मी ती खुर्ची घ्यावी. "अपने हाथ से अपनी कलम मत तोड़िए," ते म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

पुढचे आठ-नऊ दिवस वाईट गेले. धूर इतका होता की समोरची इमारत दुपारीही दिसत नव्हती. शाळा बंद, साहेब घरून, मी एक दिवस कक्षात, एक दिवस स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून. फाईल समोरच. पिवळं पान उघडायचे, दोन ओळी लिहायचे, पुसायचे. नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, गेट तू बसवत नाहीयेस, आणि प्रमोशन होऊ दे की, मग लिही, खुर्चीवर बसून लिहिलेलं जास्त चालतं. मी म्हटलं, तोवर खांब रोवले जातील. तोही चुकीचं बोलत नव्हता. त्या खुर्चीसाठी मी अकरा वर्षं थांबलेय, आणि आमच्यातल्या कोणाला अशी खुर्ची मिळाली की मागून काय कुजबुज होते हे आम्हा दोघांना माहीत आहे. कोट्यातून आलेली, काम येत नाही. अशा बाईने स्वतःच लिहून द्यायचं की मी न बघता लिहिलं? त्यांना काय, तेच तर हवं असतं.

मला सर्वांत जास्त ते बोचत होतं. त्या मुलींपेक्षाही. लिहायला बरं वाटत नाही, पण तसंच होतं.

रविवारी बाबांचा फोन येतो. मी बोलता बोलता त्यांना सांगून टाकलं. बाबांना सरकारी भाषा कळत नाही, म्हणून साधं करून सांगितलं.

"बांधावर कोनी जात नाही, असं लिवलं तू?"

"हो."

"पाहाले गेली होती का?"

"नाही, बाबा."

मागे कोणाची तरी मोटारसायकल गेली तेवढा आवाज. मग म्हणाले, "मंग लिहून दे ना बाई, का म्या पाह्यलं नोयतं."

"तसं लिहिता येत नाही, बाबा."

"काहून? अक्षर तं चांगलं हाय तुह्यं."

मला हसू आलं. बाबांनी नातवाचा खोकला कसा आहे विचारलं, ओव्याची पुरचुंडी शेकायला सांगितली आणि फोन ठेवला. त्यांच्या दृष्टीने तो विषय संपला होता. माझ्या डोक्यात मात्र ऑफिसचं सगळं वजन होतं, हिरवं, पिवळं, समिती, खुर्ची, आणि त्यातून बाहेर पडायला मला कुठूनच वाट दिसत नव्हती. खिडकीची पट्टी सुटली होती, ती मी परत चिकटवली.

सोमवारी ऑफिसात कोणी नव्हतं. मी टिपणी लिहिली. कार्यालयीन भाषेत ती अशी होती, की मागील टिपणीतील रकाना अकरामधील निल ही नोंद जिल्ह्याकडून माहिती प्राप्त न झाल्याने अधोस्वाक्षरीकर्तीने स्वतः केली होती, त्यास कोणताही आधार नव्हता, आणि आता मिळालेल्या छायाचित्रांवरून सदर बांध मासळी विकणाऱ्या महिला, मिठागर कामगार व शाळेत जाणाऱ्या मुली रोज वापरतात असे दिसते. तरी गेटांचा प्रस्ताव फेरविचारार्थ सादर. हे मी इंग्रजीत लिहिलं, आमच्याकडे तसंच चालतं. मग मराठीत मनाशी म्हणून पाहिलं, अर्थ तोच निघतो का बघायला. फोटो जोडले. पान हिरवं केलं.

साहेब दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले. त्यांनी खाली फक्त एवढंच लिहिलं, वर पाठवावे. फाईल वर गेली आणि आठवड्याने प्रश्न घेऊन खाली आली, निल कशाच्या आधारे लिहिलं ते स्पष्ट करावे. मी स्पष्ट केलं, आधार नव्हता. आणखी एक प्रश्न आला, अशी पद्धत कक्षात आहे काय. इथे मी थांबले. हो म्हटलं तर सगळा कक्ष येतो, साहेब येतात. मी लिहिलं, ही चूक माझी आहे. ते पूर्ण खरं नव्हतं. पण तेवढ्याने मी कक्षाला वाचवलं, आणि ते बरोबर केलं की नाही हे मला आजही ठरवता येत नाही.

डिसेंबरअखेर मधल्या खुर्चीवर दुसऱ्या खात्यातले एक गृहस्थ आले. माझं पुढच्या बैठकीत बघू, असं वरून कळवलं. किनाऱ्याची फाईल दुसऱ्या टेबलावर गेली आणि माझ्याकडे इमारतीच्या देखभालीचं काम आलं, गळके नळ, लिफ्ट. संगणकावरच्या फायलीचं असं असतं की ती तुमच्या साखळीतून निघाली की तुम्हाला दिसतच नाही. नंबर टाकला की पडद्यावर येतं, पाहण्याची परवानगी नाही. दोन वर्षं मी जिच्यातून रोज किनाऱ्यावर जात होते, ती वाट अशी बंद झाली. साहेब एकदा लिफ्टमध्ये भेटले. दोघंच होतो. चौथ्या मजल्यावर उतरताना ते म्हणाले की बेटी होती मेरी, तो शायद मैं भी लिखता. शायद, असं परत म्हणाले आणि गेले.

फेब्रुवारीत इंजिनिअरचा मेसेज आला. शाळेच्या दोन्ही बाजूंची दोन गेटं वगळली होती. पाच राहणार होती. मुली आता जात होत्या. मासळीवाल्या बायकांची गावं बांधाच्या दुसऱ्या टोकाला, त्यांच्या वाटेवर सहा आणि सात क्रमांकाची गेटं लागली होती, आणि त्या पहाटे पाट्या घेऊन हायवेच्या कडेने जात होत्या.

मी तो मेसेज मेट्रोत वाचला. डब्यात उभं राहायला जेमतेम जागा. मी परत वाचला. दोन गेटं. एवढं झालं होतं आणि एवढंच. पुढचं काही माझ्या टेबलावर येणार नव्हतं, लिहायला मला पान उरलं नव्हतं.

द्वारकेला उतरले आणि फलाटावरच्या बाकावर बसून इंजिनिअरला फोन केला. त्याने विचारलं, अब क्या हो सकता है मैडम, आप तो वो फाइल में नहीं है. मी म्हटलं, मी नाही, पण अर्ज कोणीही करू शकतं, आणि गावाने नावानिशी केलेला अर्ज आला की त्याला उत्तर द्यावं लागतं, तो कोणाच्याही टेबलावर असो. मला हे माहीत आहे, कारण अशी उत्तरं मीच लिहीत आले आहे. त्याला म्हटलं, कागद घ्या. पेन शोधायला त्याला वेळ लागला. मग मी हिंदीत सांगत गेले आणि तो त्याच्या लिपीत उतरवत गेला. वर कोणाला उद्देशून लिहायचं. विषय एका ओळीत, गेट क्रमांक सहा आणि सात. पहिल्या परिच्छेदात रडगाणं नको, बांधावरून किती वर्षं जातो ते. मग यादी. प्रत्येकीचं नाव, गाव, किती वाजता जाते, डोक्यावर काय असतं, किती वाजता परत येते. प्रत्येक गावाचा अर्ज वेगळा, एकत्र नाही, एकत्र केला की एकच उत्तर येतं. पोच घ्यायची, पोचेवर तारीख बघायची.

दोन गाड्या आल्या आणि गेल्या. तो मध्येच थांबून विचारायचा, मी परत सांगायचे. शेवटी तो म्हणाला की मैडम, इनमें बहुत औरत को साइन नहीं आता.

मी म्हटलं, अंगठा चालतो. शाई जास्त लावू नका, पसरते. अंगठ्याशेजारी नाव तुम्ही लिहा, आणि नीट लिहा, वाचता आलं पाहिजे.